दत्ताच्या तसबिरीतील खुणा

प्रश्न : आमच्या देवघरातील दत्ताच्या जुन्या छापील तसबिरीत, औदुंबराच्या खोडावर, मुलाला भिंगातून एक चेहरा दिसला. ही चित्रकाराची गुप्त खूण असेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तशी शक्यता मला फार कमी वाटते. अशी जुनी रंगीत चित्रे शिळाछापावर निघत, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून कागद पुन्हा पुन्हा छापला जाई. दगड किंचित सरकला की कडा दुहेरी उमटत, आणि रंगांच्या ठिपक्यांत चेहरे शोधणे हा तर आपल्या नजरेचा स्वभावच आहे. चित्रातील अर्थ मात्र उघड मांडलेला असतो. ध्यानश्लोकाप्रमाणे दत्ताच्या खालच्या दोन हातांत माळ व कमंडलू, मधल्या हातांत डमरू व त्रिशूळ, वरच्या हातांत शंख व चक्र असतात. यांतून अनुक्रमे ब्रह्मा, महेश आणि विष्णू ओळखावेत. चार श्वान म्हणजे चार वेद आणि गाय म्हणजे पृथ्वी, असा परंपरेतील अर्थ आहे. मुलाचे कुतूहल मोलाचे आहे, ते मोडू नका. भिंग आता त्या सहा हातांकडे वळवा आणि आयुधांचा क्रम श्लोकाशी जुळतो का, हे त्यालाच तपासू द्या.