निअर ऑटोमाटा गेममध्ये देव नक्की कोण हाय?

भावा, स्पॉयलर हाय, गेम संपवला नसशील तर पुढं वाचू नको. २०१७ च्या ह्या गेममध्ये अँड्रॉइड, म्हंजे माणसासारखे दिसणारे रोबो, माणसांसाठी शत्रूच्या यंत्रांशी लढतात, माणसं चंद्रावर हायत म्हणे, पण ती कवाच संपल्यात आन् तिथं नुसता जनुकांचा डेटा उरलाय. म्हणजे गाभारा मोकळा, आरती चालू. पण माझी खरी टरकली ती बंद कारखान्यात, तिथली यंत्रं ‘देव होऊया’ म्हणत स्वतःहून मरायला धावतात, रंकाळ्याजवळ मित्राच्या रूमवर रात्री दीडला खेळत होतो, कंट्रोलर खालीच ठेवला राव. त्यातल्या त्यात माणूस कोण म्हणशील तर पास्कल, ते बी यंत्रच, पण गावातल्या छोट्या यंत्रांना पोरांसारखं सांभाळतंय, त्याचं पुढं काय होतं ते मात्र सांगत नाय.