शाळेला कुलूप लागलं की गावालाही लागतं: इंब्रॉसबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या वेळी तुर्कस्तानातल्या इंब्रॉस आणि टेनेडॉस या दोन बेटांवरच्या ग्रीक लोकांचा ओझरता उल्लेख केला होता, त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले पाच घेतो.

प्रश्न: 1923 ला ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली ना? मग ही माणसं तिथे राहिली कशी? (नाशिक)

अदलाबदल झाली, म्हणजे तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांना ग्रीसला आणि ग्रीसमधल्या मुस्लिमांना तुर्कस्तानला सक्तीने धाडलं, पण काही जणांना त्यातून वगळलं होतं. इस्तंबूलचे ग्रीक, ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुस्लिम आणि या दोन बेटांचे रहिवासी. बेटं दार्दानेल्सच्या, म्हणजे इस्तंबूलकडे जाणाऱ्या सामुद्रधुनीच्या, तोंडाशी, म्हणून तुर्कस्तानला ती हवीच होती, आणि राहणारे इंब्रॉसवर जवळपास सगळे आणि टेनेडॉसवर बहुसंख्य ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. मग 1923 च्या लोझानच्या तहात, ज्याने तुर्कस्तानच्या सीमा ठरल्या, कलम 14 टाकलं: सार्वभौमत्व तुर्कस्तानचं, पण स्थानिक कारभार स्थानिक लोकांकडे, पोलीससुद्धा बेटावरच्याच लोकांमधून भरायचे, आणि बिगरमुस्लिमांच्या जिवाची नि मालमत्तेची हमी. वाचायला फार छान कलम आहे हो. अंमलात मात्र ते कधी आलंच नाही. आज इंब्रॉसचं अधिकृत नाव गोक्चेआदा आहे, 1970 साली बदललं, आणि टेनेडॉसला बोझजाआदा म्हणतात.

प्रश्न: देश त्यांचा, मग शाळेत कुठली भाषा शिकवायची हे तेच ठरवणार ना? त्यात हक्कांचा भंग कुठे आला? (लातूर)

हा प्रश्न आवडला, कारण माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. लोझानच्या 37 ते 45 या कलमांत अल्पसंख्याकांना स्वतःच्या खर्चाने शाळा काढायचा, त्यात आपली भाषा वापरायचा हक्क दिलाय, आणि जिथे त्यांची वस्ती बऱ्यापैकी आहे तिथे सरकारी प्राथमिक शाळेतही त्यांच्या भाषेतून शिकवायची सोय करायची असं लिहिलंय. तुर्कस्तानने हे स्वतः सही करून मान्य केलेलं. तरी 1927 च्या 1151 नंबरच्या कायद्याने बेटांवरचं ग्रीक शिक्षण बंद केलं, 1950 च्या दशकात वातावरण जरा सैल झालं तेव्हा परत सुरू झालं, आणि 1964 मध्ये सायप्रसवरून ग्रीस-तुर्कस्तानमध्ये तापलं तेव्हा पुन्हा बंद. आता तुम्ही आईबाप आहात असं समजा, पोरगं सात वर्षांचं आहे, घरात, चर्चमध्ये, दुकानात सगळीकडे ग्रीक बोलतात आणि शाळेत त्या भाषेला जागाच नाही. काय कराल? बऱ्याच जणांनी आधी मुलांना इस्तंबूलला धाडलं, मग मुलांच्या मागे स्वतः गेले, आणि तिथून पुढे अथेन्स, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. कोणाला बंदूक दाखवायची गरजच पडली नाही.

प्रश्न: आमच्या कोकणात पण गावं ओस पडली, घरं गणपतीपुरती उघडतात. तिथेही लोक पोटापाण्यासाठीच गेले असतील, त्याला अत्याचार कशाला म्हणायचं? (चिपळूण)

दिसायला सारखंच दिसतं, खरंय. तिथेही 15 ऑगस्टला मरियमच्या सणाला जगभरातून लोक परततात, बंद घरांच्या खिडक्या उघडतात, जेवणावळी उठतात आणि महिना संपायच्या आत परत कुलपं. पण कोकणातल्या माणसाची भातखाचरं सरकारने उचलून नेली नव्हती. इंब्रॉसवर 1964 नंतर सरकारी शेती, धरण, लष्कर अशा नावाखाली लागवडीची बहुतेक सगळी जमीन संपादित झाली, आणि मोबदला तर नावापुरता. शेतकरी माणूस, जमीन गेली की राहिलं काय? त्यात स्किनूदी, म्हणजे आजचं देरेकोय, हे बेटावरचं मोठं नांदतं गाव, त्याच्या जवळ खुलं कारागृह काढलं. खुलं म्हणजे खरंच खुलं, कैदी बाहेर फिरणार, शेतात कामाला जाणार. बायकामुलांना एकटं रानात पाठवायची सोय राहिली नाही. ते कारागृह बंद व्हायला 1990 चं दशक उजाडलं, तोवर गाव रिकामं झालेलं. आज तिथे गेलात तर पडक्या दगडी घरांच्या रांगा दिसतात आणि बायका एकत्र कपडे धुवायच्या ते सार्वजनिक धुणंघर. दुसरीकडे मुख्य भूमीवरून लोक आणून नवी गावं वसवली. 1960 ला बेटावर साडेपाच हजारांच्या आसपास ग्रीक होते, 2000 च्या सुमारास अडीचशेच्या घरात. नोकरीसाठी माणसं जातात तेव्हा एवढी जात नाहीत.

(वसवलेल्या लोकांना मी दोष देत नाही. तेही गरीबच होते, त्यांची पोरं आता तिथलीच.)

प्रश्न: मग कोर्टात का गेले नाहीत? आणि ग्रीस तरी कुठे साधा आहे, त्यांनी मुस्लिमांना काय कमी छळलं? (पुणे)

दोन प्रश्न एकात घुसवलेत, चालेल.

कोर्टात गेले, आणि जिंकलेही. टेनेडॉसच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या ट्रस्टला वर्षानुवर्षं ताब्यातल्या मालमत्ता स्वतःच्या नावावर करता येईनात. अडचण अशी की 1936 मध्ये अल्पसंख्याकांच्या सगळ्या ट्रस्टकडून मालमत्तेची यादी घेतली होती, आणि 1974 ला तुर्की सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ती यादी हीच ट्रस्टची घटना, त्यात नवी मालमत्ता घ्यायचा अधिकार लिहिलेला नाही, म्हणजे तो नाहीच. यादी मागितली तेव्हा हे कोणी सांगितलं होतं? शेवटी 2009 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मालमत्तेच्या हक्काचा भंग झाला असा निकाल दिला. त्याच्या आदल्या वर्षी, 2008 ला, युरोप परिषदेच्या संसदीय सभेनेही या बेटांवर 1625 नंबरचा ठराव केला होता, ग्रीक आणि तुर्की दोन्ही संस्कृती टिकवा म्हणून. पण कोर्ट ट्रस्टची जमीन मिळवून देऊ शकतं, चाळीस वर्षांपूर्वी गेलेला शेजार नाही.

आता ग्रीस. अजिबात साधा नाही. त्यांच्या नागरिकत्व कायद्यात 1998 पर्यंत कलम 19 होतं, ग्रीक वंशाचा नसलेला माणूस परतायच्या इराद्याशिवाय देश सोडून गेला असं ठरवलं की नागरिकत्व गेलं, आणि थ्रेसच्या हजारो मुस्लिमांना ते भोवलं. थ्रेसमधल्या झांथी शहराच्या तुर्की संघटनेला नावात 'तुर्की' आहे म्हणून विसर्जित केलं, त्यात 2008 ला ग्रीस युरोपीय कोर्टात हरला. दोन्ही सरकारं लोझानच्या कलम 45 कडे बोट दाखवतात, तू तुझ्यांना देशील तर मी माझ्यांना देईन. पण कलम असं म्हणतच नाही, ते म्हणतं की ग्रीसनेही आपल्याकडच्या मुस्लिमांना हेच हक्क द्यायचे. सौदा नाही तो. शेजाऱ्याने त्याच्या पोराला मारलं म्हणून मी माझ्या पोराला उपाशी ठेवतो, असला हा हिशोब. देशादेशांतल्या तहांचे नियम ठरवणाऱ्या 1969 च्या व्हिएन्ना करारातही, कलम 60 मध्ये, माणसांच्या संरक्षणाच्या तरतुदी बदला म्हणून थांबवता येत नाहीत हे स्पष्ट लिहिलंय.

प्रश्न: आता काही उरलंय का तिथे? बघायला जायचा विचार आहे. (ठाणे)

उरलंय. 2013 मध्ये इंब्रॉसच्या झेतिनलीकोय गावात ग्रीक प्राथमिक शाळा परत उघडली, तब्बल 49 वर्षांनी, आणि पहिल्या दिवशी पटावर चार मुलं. चार! हे गाव म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे इस्तंबूलमधले प्रमुख धर्मगुरू बार्थोलोम्यू यांचं जन्मगाव. दोन वर्षांत बेटावरच्याच तेपेकोय गावाला वरचे वर्ग सुरू झाले, आता मुलं काही डझन आहेत, कारण शाळा आहे म्हटल्यावर ग्रीसमधून काही तरुण कुटुंबं राहायला आली. माझं म्हणणं इतकंच, कलम 14 ला नव्वद वर्षांत जमलं नाही ते चार पोरांच्या हजेरीपटाने सुरू केलं. अडचणी आहेत अजून. वडिलोपार्जित घर नावावर करणं, कागद नसलेल्या जमिनी, गेलेलं तुर्की नागरिकत्व, एकेक फाइल वर्षानुवर्षं चालते.

जायचं असेल तर मुख्य भूमीवरच्या काबातेपे बंदरातून फेरीबोट मिळते. झेतिनलीकोयच्या गल्लीत दगडी उखळात कुटलेल्या बियांची कॉफी मिळते, ती प्या. 15 ऑगस्टच्या आसपास जाणार असाल तर खोली फार आधी बुक करा, त्या आठवड्यात घरवाले परत आलेले असतात.