दंड भरण्यापूर्वी

चि. मित्रास अनेक आशीर्वाद,

परवा चौघडी घातलेले समन्स माझ्यापुढे ठेवून तू विचारलेस, "काका, मध्यरात्री रस्त्यावर केक कापला, हटकणाऱ्यांना शिव्या दिल्या, एवढ्याचा काय गुन्हा होतो?" होतो. कोणत्याही कायद्याने शिक्षापात्र ठरवलेले कृत्य म्हणजे गुन्हा, अशी आपल्या फौजदारी प्रक्रियेतली व्याख्या आहे, आणि शिक्षा लहान की मोठी याला तिच्यात जागा नाही. तुझ्या समन्सवर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 ची कलमे 112 आणि 117 आहेत. पहिले शांतताभंगाच्या हेतूने केलेल्या शिवीगाळीचे व धमकीच्या वर्तनाचे, दुसरे त्याच्या शिक्षेचे, म्हणजे 1,200 रुपयांपर्यंतच्या दंडाचे. हातघाईवर आला असतात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 194 खाली एक महिन्यापर्यंतची कैदही होऊ शकली असती. कैद नाही म्हणून गुन्हा नाही, हा तुझ्या मित्रांचा तर्क मला ऐकवत नाही.

"दंड भर आणि मोकळा हो" असे तुला सगळे सांगत आहेत. मी सांगतो, कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस.

मी तेवीस वर्षांचा असताना चौकातल्या भांडणापायी कोर्टात उभा राहिलो. नाव पुकारले गेले, "गुन्हा कबूल?" असे विचारले गेले, मी "हो" म्हणालो, दाखवलेल्या जागी सही केली आणि पावती खिशात घालून कामावर गेलो. दोन वर्षांनी सरकारी नोकरीचा साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती खरी आहे असे सही करून द्यायचा अर्ज, हाती आला. त्यात अटक, खटला, दंड आणि दोषसिद्धी यांबद्दल वेगवेगळे विचारले होते. मी चारही ठिकाणी "नाही" लिहिले. चारित्र्य पडताळणीत सारे निघाले आणि नेमणूक गेली. मी मुद्दाम खोटे बोललो नव्हतो रे! त्या "हो"ने मी दोषी ठरलो, हे मला कोणीही सांगितले नव्हते. वडिलांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिले की मी त्यांच्यापासूनही लपवले.

2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच हवी, पण तरुणपणीच्या घोषणाबाजीसारख्या क्षुल्लक प्रकरणात ती दडवली गेली असेल तर नियुक्ती करणारा ते दुर्लक्षित करू शकतो. माझ्या वेळी हा निकाल असता तर, असे अजून मनात येते. पण "करू शकतो" म्हणजे "केलेच पाहिजे" नव्हे. त्या भरवशावर तू तुझ्या नोकरीच्या नमुन्यात "नाही" लिहू नकोस. कागद वाच आणि जे घडले ते लिही.

कोर्टातही तसेच. आरोपात लिहिलेले घडलेच नसेल तर कबुली देऊ नकोस, वेळ गेला तरी चालेल. घडले असेल तर 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम 3 लागू करून शिक्षेऐवजी नुसती समज देऊन सोडण्याची विनंती करता येईल का, हे वकिलांना विचार. तसा आदेश झाला तर त्याच कायद्याचे कलम 12 दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून संरक्षण देते. एकदा दंड भरून बाहेर पडलास की हे विचारायला फार उशीर झालेला असेल, आणि तू मला परवा, तारखेच्या सहा दिवस आधी विचारतोस, याचा मला राग आहे.

बुधवारी संध्याकाळी समन्स आणि नोकरीचा नमुना दोन्ही घेऊन ये. आधी घरी ओळ न् ओळ वाचू, मग वकिलांकडे जाऊ.

तुझा,
काका