वॉर्डात गेलं की डोकं रिकामं होतं, हात थरथरतात

वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू झाल्या की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या सेंटरवर नर्सिंगच्या पोरी यायला लागतात आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, "मॅडम, पुस्तकातलं येतंय, पण पेशंटसमोर काही आठवत नाही, माझ्या हातून काहीतरी चुकणार." इतक्याजणी विचारतात म्हणून एकदाचं लिहून टाकते.

गारगोटीकडची एक मुलगी (ओळखीचे तपशील बदललेत), मेडिकल-सर्जिकलचं जाड पुस्तक जवळजवळ पाठ, पण बीपी घेताना इन्चार्ज सिस्टर मागं उभ्या राहिल्या की हिला ठोकेच ऐकू येईनात. घरच्यांनी कर्ज काढून घातलेलं, त्यामुळं सोडायची पण सोय नाही. सुरुवातीला ती नुसती रडायची, मी रडू दिलं. मग एक दिवस म्हटलं, आज तू मला शिकव, श्वास कसे मोजता तुम्ही?

"नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरायचं आणि छातीकडं बघत पूर्ण मिनिट मोजायचं. पेशंटला सांगायचं नाही."

"का गं?"

"त्याचं लक्ष गेलं की श्वास बदलतो ना मॅडम."

"आणि तुझं लक्ष तुझ्या हातांकडं गेलं की?"

बराच वेळ गप्प बसली, मग एकदम म्हणाली, "ते पण बदलतात."

उत्तर तिच्याच शिक्षणात होतं, मी फक्त योग्य जागी प्रश्न ठेवला, आणि या कामातलं खरं समाधान मला तिथंच मिळतं. भीती आधी घालवू आणि मग काम करू असं होत नाही हे माझं ठाम मत, लक्ष स्वतःवरून उचलून पेशंटवर ठेवलं की काम करता करता भीती मागं पडते. पुढच्या खेपेला तिनं सांगितलं, एका आजोबांचे श्वास मिनिटाला ३० लागले, म्हणजे फारच जास्त, तिनं धावत जाऊन सिस्टरना सांगितलं. हात थरथरले का विचारलं तर म्हणाली, "बघितलंच नाही."

म्हणून पोरींनो, वॉर्डात शिरल्यावर फाईलच्या आधी माणूस बघा. धाप आहे का, ओठ निळसर आहेत का, सलाईन नीट चाललंय का, युरीन बॅगेत किती आलंय. नाव त्यांच्याच तोंडून विचारा, त्यांना पण बरं वाटतं आणि औषध देताना योग्य पेशंटची खात्री तिथूनच होते. आजारांच्या याद्या घोकू नका, कारण धरून चला. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय रक्त पुढं ढकलायला कमी पडतं, मग पाणी फुप्फुसात साठलं की धाप आणि पायात उतरलं की सूज, एवढं कळलं की उशाकडची बाजू वर करणं, रोजचं वजन, इनटेक-आउटपुट (शरीरात पाणी किती गेलं, बाहेर किती आलं) सगळं आपोआप सुचतं. सलाईनच्या थेंबांचं गणित रोज घरी एक सोडवा, ५०० मिली ८ तासांत, २० थेंबांचा सेट (एका मिलीचे २० थेंब), म्हणजे मिनिटाला साधारण २१.

आणि शंका आली तर इंजेक्शन देण्याआधी विचारा, "सिस्टर, खात्री नाही, एकदा बघाल का?" रागावल्या तरी चालेल, पण अंदाजानं काही देऊ नका.

एवढं करूनही झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, ड्युटीच्या नावानं उलटी होत असेल तर एकटीनं ओढत बसू नका. कॉलेजमधल्या विश्वासाच्या मॅडमशी बोला, समुपदेशकाकडं जा, नाहीतर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे आणि रात्री पण उचलतात.