आई-बाबा पहिल्यांदाच लंडनला येतायत, दोघंही साठीच्या पुढचे. सकाळी निघून रात्री परत येण्यासारखं, पण नेहमीच्या यादीतलं नसलेलं ठिकाण सुचवाल का?

ब्रायटन, लंडनच्या दक्षिणेचं समुद्रकाठचं गाव. आता म्हणाल हे तर नेहमीच्याच यादीत आहे. आहेच, पण लोक तिथे पिअरवर, म्हणजे समुद्रात गेलेल्या धक्क्यावर, फिरून, चिप्स खाऊन परततात. मी सांगतोय ते ब्रायटन गावाच्या वर, टेकडीवर आहे.

आधी माझी चूक सांगतो. माझे आई-बाबा आले तेव्हा पहिल्याच शनिवारी मी त्यांना विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ अशा एकदिवसीय बसटूरला घातलं. संध्याकाळी आईला विचारलं काय पाहिलंस, तर म्हणाली, "पार्किंग." तेव्हापासून एका दिवसात एकच गाव.

ब्रायटनला व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडीने साधारण तासभर लागतो. रविवारी जाणार असाल तर आदल्या रात्री गाड्या तपासा. रुळांचं काम निघालं की मधला टप्पा बसने करावा लागतो. मी तपासलं नव्हतं, दीड तास गेला. तिघं किंवा जास्त जण असाल तर ग्रुपसेव्ह तिकीट घ्या, गर्दीची वेळ टाळली की एक तृतीयांश सूट मिळते.

सकाळी रॉयल पॅव्हेलियन हा महाल पाहा. राजपुत्र जॉर्जच्या हौसेसाठी जॉन नॅशने 1815 ते 1822 मध्ये त्याला आजचं रूप दिलं. बाहेरून घुमट-मिनार, आत सगळा चिनी थाट, जेवणघराचं झुंबर ड्रॅगनच्या नखांत लटकलेलं. आईचं मत: "पुसायला किती माणसं लागत असतील!" व्हिक्टोरिया राणीला ते फारसं रुचलं नाही, 1850 मध्ये नगराने विकत घेतलं.

पण बाबा रेंगाळले ते वेगळ्याच खोलीत. 1914 च्या शेवटापासून 1916 च्या सुरुवातीपर्यंत हा महाल फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचं इस्पितळ होता. झुंबरांखाली रांगेने खाटा मांडलेले फोटो तिथे आहेत. धर्म-जात सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे. बाबा साताऱ्याकडचे. सैनिकांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं अपशिंगे मिलिटरी त्यांच्या गावापासून जवळच, त्यामुळे "लढाईला गेला तो आलाच नाही" अशा गोष्टी ऐकतच ते मोठे झाले. ते तिथून हलेनात.

ब्रायटनच्या अशा इस्पितळांत जे हिंदू आणि शीख सैनिक वारले, त्यांतल्या 53 जणांचं दहन गावाबाहेरच्या माळावर झालं. राख समुद्रात सोडली. मुसलमान सैनिकांना वोकिंगला मशिदीजवळ दफन केलं. दहनाच्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा, उद्घाटन 1921 मध्ये. नाव इंग्रजीतही 'छत्री'च.

गाडी तिथपर्यंत जात नाही. बसने पॅचमला उतरायचं, हायवेवरचा पूल ओलांडायचा आणि मेंढ्यांच्या कुरणातून चढायचं. आमच्या चालीने पाऊण तास लागला, आई दोनदा बसली. गुडघे फारच दुखत असतील तर हा भाग सोडा, आग्रह नको. चढण अवघड नाही, पण पाऊस झाला असेल तर चिखल भरपूर.

वर कोणी नव्हतं. छत्रीच्या पायथ्याशी ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा आहेत, चितांच्या चौथऱ्यांवर बसवलेल्या. लेख इंग्रजीसोबत हिंदी, पंजाबी आणि उर्दूतही. बाबांनी देवनागरी ओळी मोठ्याने वाचल्या, मग जवळच कोरलेली 53 नावं एकेक करून. आम्ही दशम्या-चटणीचा डबा आणला होता, तो तिथे कोणी उघडला नाही.

डबा उघडला खाली किनाऱ्यावर. इथे वाळू नाही, नुसते गोटे आहेत, बसायला चादर न्या. आणि सीगलपासून सावध राहा. आईच्या हातातली दशमी एकाने झडप घालून नेली. बाबा मात्र पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे होते. हाक मारली तर म्हणाले, "थांब जरा."

मे ते सप्टेंबरमध्ये येत असतील तर उत्तम. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा छत्री आधी करा आणि महाल नंतर.