न्यू जर्सीत मार्चमध्ये घरात केलेली टोमॅटो-मिरचीची रोपं बाहेर कधी लावावीत?

मेच्या मध्यापर्यंत थांबा. रात्रीचं तापमान सलग ५० फॅरनहाइटच्या (१० सेल्सिअस) वर राहू लागलं की मगच जमिनीत लावा. एप्रिलमधल्या उबदार दुपारींना भुलू नका. दंव रात्री पडतं, आणि या दोघांनाही ते सोसत नाही. गार मातीत मुळंही धरत नाहीत. लावण्याआधी आठ-दहा दिवस रोपं बाहेरच्या हवेला सरावू द्या: पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग ऊन-वारा हळूहळू वाढवत, रात्री परत आत. ही पायरी गाळली तर खिडकीत वाढलेली कोवळी पानं उन्हाने पांढरी पडतात. मिरची जास्तच नाजूक, तिला आणखी आठवडा उशिरा लावा. मेथी, पालक, कोथिंबिरीला मात्र एवढं जपायला नको, त्यांचं बी एप्रिलमध्येच थेट वाफ्यात टाका.