भंगार विकण्याआधी धातू वेगळे करणं खरंच परवडतं का? तांबं-पितळ ओळखायचं कसं?

घराच्या कामातून निघालेलं चाळीस किलो भंगार म्हणताय, त्यात जुना पंखा आणि पाण्याची मोटारही आहे म्हणताय. मग परवडतं. ‘सगळं एकत्र देऊन टाका, कुठं निवडत बसता’ म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे, कारण तसा एकजण आमच्याच घरात आहे.

बाबांचं सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक सगळं नदीकाठचं, उसाला पाणी पाजणारं. २०१९ च्या महापुरानंतर बुडालेल्या मोटारींचा दारात ढीग लागला, त्यातल्या काही न्यायला मालक परत आलेच नाहीत. बाबा गेल्यावर दादानं एका दुपारी टेम्पो बोलावला आणि निम्मा माल सरसकट लोखंडाच्या भावात घातला. स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, आतल्या तारेच्या वेटोळ्यांसकट, वायंडिंगसकट! तांब्याला लोखंडाच्या कितीतरी पट भाव असतो, हे रिवाइंडरच्या पोराला सांगावं लागतं? मी पोचेपर्यंत टेम्पो गेला होता.

उरलेल्या मालापुढं मी चार दिवस बसलो. स्टेटरच्या एका बाजूची कॉइलची टोकं छिन्नीनं छाटायची, दुसऱ्या बाजूनं पक्कडीनं ओढायची. वार्निश मुरलेलं असतं, पहिला गुच्छ जीव काढतो, मग बाकीचे सुटतात. एका मोटारीनं मात्र मलाही फसवलं. तार तांबूसच, पण गुच्छ हातात हलका लागला. ब्लेडनं खरवडलं तर आत पांढरी. अ‍ॅल्युमिनियमचं वायंडिंग, तारेवरचा इनॅमलचा लेप तेवढा तांबूस. तुमचा पंखा स्वस्तातला असेल तर त्यातही हेच निघेल असं धरून चाला.

लोहचुंबक फिरवणं तुम्हाला ठाऊकच असेल. पण चिकटलं नाही म्हणजे भारी माल, असं नाही. भांड्याचं चांगलं स्टीलही चिकटत नाही. नळाला कानस मारा. मुलाम्याखाली पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर जस्ताचं ओतीव. पितळी नळातला लोखंडी स्क्रू आणि प्लास्टिक काढून टाका, नाहीतर तेवढ्यावरून भाव पाडतात. तांब्या-पितळेची भांडी असतील आणि नवी घ्यायची असतील, तर भांड्यांच्या दुकानात मोडीत घाला.

वायर जाळू नका. तांबं काळं पडून भाव उतरतो आणि विषारी धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो. सोलायचा कंटाळा असेल तर सालीसकट, पण वेगळी द्या.

दादा अजून म्हणतो, ‘चार दिवसांची मजुरी धर, काय उरलं?’ मजुरी वजा करूनच सांगतो, माझ्या निम्म्याचे त्याच्या निम्म्याच्या दुपटीहून जास्त आले.

आता, तुमच्याकडं बहुतेक पत्रा, गज आणि खिळेच असतील तर दादाचं ऐका, निवडत बसू नका. मोटारीच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालू नका. बॅटरी आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर अजिबात उघडायचा नाही, आहे तसा द्यायचा. आणि प्रत्येक पोत्याचं वजन घरीच करून लिहून ठेवा, काट्यावर गेल्यावर हुज्जत घालायला बरं पडतं. दादाकडं मी त्या टेम्पोच्या वजनाची पावती मागितली होती, ती तो अजून शोधतोय.